घाट उतरूनही थंड ड्रम

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी आहेत, पण तो दाखला मास्तरांनी अंदाजानं लिहिलेला, आणि मी त्या शाळेत तिसरीच्या पुढं गेलो नाही, म्हणून दाखल्याचं मी कधी मनावर घेतलं नाही.

त्या साली पोरगी बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. नातू झाला. तीन महिने झाले की बाळाला आणि तिला परत सासरी, नाचणगावला, पाठवायचं ठरलं होतं. आणि मी मनात पक्कं केलं होतं की पाठवायचं नाही. याला कारण जावई, आणि जावयाचं कारण त्याच्या ट्रकचा ड्रम. नुसतं एवढं सांगितलं तर लोक मला बयताड म्हणतील, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझं दुकान तळेगावचा घाट उतरल्यावर, चौकाच्या जरा पुढं, हमरस्त्याला लागून आहे. घर दुकानाच्या मागं. दुकान लायनरचं. ट्रकच्या चाकात भगोण्यासारखा लोखंडी ड्रम असतो. ब्रेक दाबला की आतून दोन शू, म्हणजे कमानीसारख्या लोखंडी पट्ट्या, पसरतात आणि त्यांच्यावर रिपिट मारून बसवलेलं लायनर ड्रमला घासतं. घासलं की गाडी थांबते आणि ड्रम तापतो. लायनर झिजलं की माझ्याकडं यायचं. एवढाच धंदा. त्याच्या आधी तीस वर्षं मी स्वतः ट्रक चालवला, आणि एकदाही गाडी पलटवली नाही. हे मी लिहितो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

घाट उतरायची आमची एक रीत होती. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. इंजिन थोडं अडवून धरतं, बाकी सगळं ब्रेकवर. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. खाली येईपर्यंत ड्रम असा तापायचा की त्यावर भाकर शेकून घ्यावी. जळक्या लायनरचा वास गाडीच्या आधी पोचायचा. नवखा ड्रायव्हर त्यावर बादलीभर गार पाणी ओतायचा आणि ड्रमला तडा पाडून घ्यायचा. जाणता माणूस चाकाला लाकडी गुटका लावून चहा प्यायचा आणि ड्रम आपोआप निवू द्यायचा. काही दीडशहाणे डिझेल वाचवायला शेवटच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायचे. मीही केलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

गाडी थांबली की मी चाकाशी बसायचो आणि उजवा तळवा ड्रमपासून बोटभर लांब धरायचो. ऊब कशी येते त्यावरून सांगायचो, घाट कोणत्या गिअरात उतरला, ब्रेक किती मारला, कोणतं लायनर आधी जाणार. ड्रायव्हर विचारायचे, "बुढेबाबा, तुम्ही काय टपावर बसून आले होते का?" वैद्य नाडी पाहतो तसा माझा हात. माणूस खोटं बोलतो, ड्रम बोलत नाही. या एका गोष्टीवर विश्वास ठेवून मी म्हातारा झालो.

आता जावई. उंच, अंगानं सडसडीत, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासूनच शंका. मालकाची नवी कोरी चौदा चाकी गाडी त्याच्याकडं होती. नागपूरकडून लोखंडी सळया भरायच्या आणि अकोल्याकडं न्यायच्या. नातू झाल्यापासून तो प्रत्येक खेपेला सकाळी अकराच्या सुमारास दुकानासमोर गाडी लावायचा, पोराला मांडीवर घ्यायचा, चहा प्यायचा आणि निघायचा.

पहिल्याच खेपेला मी सवयीनं चाकाशी बसलो. हात धरला. काहीच नाही. तळवा आणखी जवळ नेला. नाही. शेवटी सरळ ड्रमवर टेकवला, जो मी चाळीस वर्षांत कधी टेकवला नव्हता. थंड. फार तर उन्हात ठेवलेल्या तांब्याएवढा कोमट.

"जावईबुवा, कुठून येऊन राह्यले?" मी विचारलं. जावयाला मी तुम्हीच म्हणतो, शिवी द्यायची असली तरी.

"नागपूरहून, मामाजी."

"घाटानं?"

"हाव. आत्ताच उतरलो. दुसरा रस्ता हाय का?"

आहे. दुसरा रस्ता आहे. आर्वीचा. नागपूरहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी आणि आर्वीहून तळेगावचा चौक, सगळा सपाट. चौकातून इकडं वळल्यावर घाटाची गाडी कोणती आणि आर्वीची कोणती हे माझ्या दुकानातून दिसत नाही. पण हाताला कळतं. घाटाची गाडी गरम, आर्वीची थंड. म्हणजे हा घाटानं आलाच नव्हता. भरलेली गाडी घेऊन एवढा लांबचा फेरा माणूस कशाला घालेल? आणि घातला तर लपवेल कशाला? आर्वीत त्याचं काय होतं?

त्या दिवशी मी गप्प बसलो. विचारलं असतं तर सावध केल्यासारखं झालं असतं. पुढच्या खेपेला पुन्हा ड्रम थंड. त्याच्या पुढच्या खेपेला मी त्याला पोराजवळ बसवून बॅटरी घेतली आणि चाकाच्या मागच्या भोकातून लायनर पाहिलं. गाडी दहा महिने चाललेली. लायनरवरच्या कारखान्याच्या खुणासुद्धा अजून नीट पुसल्या नव्हत्या. गाडीखालून बाहेर आलो तर जावई पोराला घेऊन मागं उभा.

"काय पाहून राह्यले, मामाजी?"

"लायनर."

"याले लायनर लागतच नाई म्हना ना," तो हसून म्हणाला.

जो ड्रायव्हर लायनरवाल्याच्या तोंडावर म्हणतो की माझ्या गाडीला लायनर लागत नाही, तो एक तर बढाई मारतो किंवा काहीतरी झाकतो. बढाई मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. मग उरलं काय?

शेजारी चहाची टपरी आहे. टपरीवाला माझ्याच वयाचा, एके काळी माझ्या गाडीवर क्लिनर होता, अजून मला वस्ताद म्हणतो. पण आता बरोबरीनं बसून म्हणतो. त्याला मी एवढंच विचारलं, "आर्वीले ट्रकवाल्याचं काय काम असते?"

त्यानं किटली खाली ठेवली. "कोन्या ट्रकवाल्याचं?"

"कोन्याचंही."

"वस्ताद, तुमी असं विचारून राह्यले म्हनजे आपलाच कोनी असन." मग जावयाच्या उभ्या गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दात काढले. "बायको माहेरी असली की मानूस कुठं कुठं जेवते, बाप्पा!"

त्याची जीभ तशीच आहे. पण मला ते वाक्य जेवताना आठवायचं, अंघोळ करताना आठवायचं.

मी सापळेही लावून पाहिले. एका खेपेला जावई गाडीतून उतरल्या उतरल्या म्हटलं, "घाटात संत्र्याची गाडी पलटली म्हने. लय गर्दी असन?"

"नाई तर. कुठं? मोकळा होता घाट."

कोणतीच गाडी पलटली नव्हती. मीच बनवलेली. घाटानं न येणारा माणूस म्हणाला असता, हाव, लय गर्दी होती. हा बरोबर बोलला, म्हणजे खरा ठरला. दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. मला वाटलं, पाहा, किती तयारीनं येतो. कोणाला तरी विचारून येतो घाटाची खबर.

पोरीवरही नजर ठेवली, हे सांगायला आता लाज वाटते. तो यायच्या दहा मिनिटं आधी ती चुलीशी जाऊन चहाचं आधण ठेवायची. तिचा फोन खुंटीला लावलेला, चार्जिंगवर. वाजलेला नसायचा. तरी हिला कसं कळतं? दोघांचं काही संगनमत आहे का? आणि असेल तर तो आर्वीला जातो हेही हिला माहीत आहे का? माहीत असून ही गप्प का?

त्याच दिवसांत घाटाकडून एक नवाच आवाज यायला लागला होता. तडतडतडतड, दगडफोडीच्या मशीनसारखा, थांबून थांबून. माझं घर घाटाच्या डोंगराकडं तोंड करून आहे, वारा तिकडचा असला की तिथलं सगळं ऐकू येतं. मी बायकोला म्हणायचो, कोणाचा तरी सायलेन्सर फुटलेला आहे आणि बेपर्वा माणूस महिनोन्महिने तसाच फिरवतोय. दुकानात गाड्या कमी यायला लागल्या होत्या, त्याचाही मी संशय घाटावरच्या कारंज्याच्या नव्या दुकानावर घेत होतो. नव्या गाड्या तर माझ्यासमोर थांबतच नव्हत्या. जी गाडी थांबतच नाही तिच्यात काय बदललं हे मला कोण सांगणार? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा नव्हतं.

पाठवणीला चार दिवस राहिले तेव्हा मी चुलीपाशी बायकोला सांगितलं, "पोरीले धाडायचं नाई."

"काऊन?"

मी ड्रमचं सांगितलं. आर्वीचं सांगितलं. ती पीठ मळत होती, मळतच राहिली.

"अवो, तुमचा हात का देव हाय?" ती म्हणाली. "लाडू बांधून झाले. झबली, दुपटी, सगळं बांधून ठेवलं. आन् तुमी म्हनता चाक थंड हाय."

"चाक नाई, ड्रम."

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण तिला काय सांगणार. मागं पाहिलं तर दारात पोरगी उभी, खांद्यावर पोर. सगळं ऐकलेलं. ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, ड्रम थंड हाय म्हनून मी नवरा सोडू का?"

"सोड नाई म्हनत. थांब म्हनतो."

"किती दिवस? गरम होयेपर्यंत?"

पण एका प्रश्नावरून मत बदलावं, असा मी नाही.

पाठवणीच्या आदल्या दिवशी जावई भरलेली गाडी घेऊन आला. गाडी त्या दिवशी पुढच्या गावातून दुसरा ड्रायव्हर नेणार होता, आणि हा रात्री घरी जाऊन सकाळी नाचणगावहून चुलतभावाची जीप घेऊन येणार होता. तेच सांगायला अंगणात आला. पोरगी चहा घेऊन बाहेर आली, बायको तिच्या मागं, आणि टपरीवाला काही कारण नसताना कुंपणापाशी.

मी म्हटलं, "जीप आनू नका. पोरगी येनार नाई."

जावयानं कप खाली ठेवला. "काऊन, मामाजी? तब्येत बरी नाई का पोराची?"

"तब्येत बरी हाय. तुमच्या गाडीचा ड्रम थंड हाय."

जावई पोरीकडं पाहू लागला. पोरगी माझ्याकडं. मग मी तीन महिन्यांचं सगळं एका दमात बोललो. ड्रम, लायनर, घाट, आर्वी. आर्वीचं नाव घेतलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, सापडला. आता वाटतं, सासऱ्यानं चार लोकांत असं बोलल्यावर कोणाचाही उतरेल.

तो चिडला, पण ओरडला नाही. म्हणाला, "चला. बसा गाडीत."

"कुठं?"

"घाटात. वर जाऊ अन् उतरू. तुमी सोता पाहा."

"मालकाचं डिझेल जाईन."

"जाऊ द्या. मालकाले मी सांगन. माह्या घरादारापेक्षा डिझेल मोठं हाय का?"

टपरीवाला कुंपणावरून म्हणाला, "जा वस्ताद, आता माघार नाई."

गुडघे दुखतात, तरी कोणाचा हात न धरता चढलो. आत गारेगार. आमच्या काळी कॅबिनमध्ये उन्हाळ्यात इंजिनाच्या झाकणावर पाय ठेवता येत नव्हता. वरती एका ढाब्याच्या मैदानात त्यानं गाडी वळवली आणि उताराच्या तोंडाशी आल्यावर मी पहिलं वाक्य बोललो. "मी रस्त्याकडं पाह्यनार नाई. तुमच्या पायाकडं पाह्यीन."

"पाहा."

त्यानं गिअर खाली घेतला. रेसवरून पाय काढला. पाय चपलेसकट खाली ठेवून दिला, ब्रेकपासून लांब. मग स्टिअरिंगजवळची एक दांडी बोटानं ओढली.

आणि तडतडतडतड सुरू झालं. आमच्याच खालून. अख्खी गाडी त्या आवाजात थरथरत होती. मागं एवढं लोखंड, समोर असा उतार, आणि गाडी मुठीत धरल्यासारखी एका चालीनं उतरत होती. त्याचा पाय खाली तसाच.

"सायलेन्सर फुटला का?" मी विचारलं.

"नाई. इंजन ब्रेक हाय हा."

"मले माहीत हाय. सायलेन्सरात झाकन असते, ते बंद करते. त्यानं एवढी गाडी थांबत नाई."

"ते झाकनाचं वेगळं. हा आतला. मामाजी, तुमची गाडी गिअरात उतरे तवा इंजन अडवे ना?"

"थोडं."

"थोडं काऊन?"

मला कोणी असं विचारलेलं आवडत नाही. पण ते मला खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षं इंजिन थोडं अडवतं हे माहीत होतं, थोडंच का अडवतं हे कधी विचारलं नव्हतं.

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर जातो तेव्हा सिलिंडरमधली हवा दाबून दाबून मुठीएवढी करतो. उतारावर ही मेहनत गाडीची चाकं करतात, म्हणून गाडी अडते. पण दाबलेली हवा गप्प बसत नाही. पिस्टन माथ्यावर पोचला की ती त्याला उलटी लाथ मारून खाली ढकलते. म्हणजे घेतलेला जोर जवळपास सगळा परत. आमच्या गाडीत हेच व्हायचं. एका हातानं अडवायची आणि दुसऱ्या हातानं ढकलायची. या नव्या गाडीत दांडी ओढली की पिस्टन माथ्याशी पोचतो न पोचतो तोच धूर जायचा वॉल, म्हणजे झडप, क्षणभर उघडतो. दाबलेली हवा लाथ मारायच्या आधीच फट्कन सायलेन्सरात निघून जाते. पिस्टनला परत काहीच मिळत नाही. पुन्हा नवी हवा, पुन्हा तीच मेहनत, पुन्हा फट्. एकेका सिलिंडरचा हा फट् म्हणजे ती तडतड.

सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरून दांडा दाबून पाहा. दांडा सोडला की उसळून वर येतो. पण दांडा पार खाली गेला त्या क्षणी अंगठा काढला तर फस्स होतं आणि दांडा तिथंच मरून पडतो. मी हे पोरपणी किती वेळा केलं असेल. त्यातून ट्रक थांबवता येतो हे मात्र कोणत्या तरी कारखान्यात बसलेल्या माणसाला सुचलं.

"डिझेल किती खाते?" मी विचारलं.

"रेसवरून पाय काढला की डिझेल बंद. थेंब जात नाई."

"खोटं."

"गिअरात हाय ना गाडी. चाकंच इंजन फिरवून राह्यली. न्यूट्रल केली तर उलट डिझेल लागन, इंजन बंद पडू नये म्हनून."

मी खिडकीबाहेर पाहिलं. न्यूट्रल करून जीव मुठीत धरून उतरलेले सगळे उतार मला आठवले. पण संशय असा सहजासहजी सुटत नाही. तो हातानं काही करत असेल. त्या दांडीलाच हवेचा ब्रेक जोडलेला नसेल कशावरून?

पुढं रस्ता जरा सरळ होता. मी म्हटलं, "क्लच दाबा."

"मामाजी, घाट हाय."

"दाबा. दांडी तशीच ठेवा."

त्यानं आरशात मागं पाहिलं, पुढं पाहिलं आणि क्लच दाबला. तडतड एकदम थांबली. आणि गाडी, कासरा तुटलेल्या बैलासारखी, पुढं झेपावली. मी दोन्ही हातांनी समोरची फळी धरली. दोन क्षण असतील. त्यानं क्लच सोडला, तडतड परत आली आणि गाडीनं मान खाली घातली. दांडीला चाकाचा ब्रेक जोडलेला असता तर क्लच दाबून काही फरक पडला नसता. धरून ठेवणारं इंजिनच होतं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एवढा ड्रायव्हर मी अजून होतो.

"मग तापते कोन?" मी शेवटचा प्रश्न विचारला. "एवढी गाडी अडवली तर कोनीतरी तापलंच पाह्यजे. ड्रम नाई तापला तर कोन?"

तो पहिल्यांदा माझ्याकडं वळून हसला. "हवा तापते, मामाजी. तापली की सायलेन्सरातून बाहेर. ड्रम एकच असते, तोच तो तापते. हवा दरवेळी नवी."

दुकानासमोर उतरलो तेव्हा सगळे तिथंच उभे होते. मी सरळ चाकाशी बसलो आणि तळवा ड्रमवर टेकवला. उन्हातल्या तांब्याएवढा कोमट. तीन महिने होता तसाच.

उठलो. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. मी म्हटलं, "शेवटच्या वळनावर पाय ब्रेकवर गेला होता. दोनदा."

"तीनदा," जावई म्हणाला. "एक तुमच्याकडून सुटला."

टपरीवाला खो खो हसला. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो भट्टीकडं गेला.

पोरगी पुढं आली. "बाबा, घाटात तो आवाज आला की मी चहा ठेवते. तो आवाज आला की दहा मिनिटांत हे दारात. तुमी रोज म्हनत होते, सायलेन्सर फुटला."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं कुठं मले? तुमी ड्रमले विचारलं."

मी पाणी प्यायलो. ती तिथंच उभी. "आता धाडता का नाई, ते तुमच्या तोंडानं सांगा. यायच्यासमोर."

माझ्या तोंडून ते निघेना. चूक झाली हे मला तेव्हाच कळलं होतं, घाटातच कळलं होतं. पण ज्या हातावर आयुष्य काढलं तो हात तीन महिने खरंच सांगत होता, ड्रम थंड आहे. आणि त्या खऱ्यावरून मी माणसाला खोटं ठरवलं. चुकलेला हात नव्हता. हे चार लोकांत कसं बोलायचं? मी एवढंच म्हटलं, "सकाळी पाहू."

जावई गाडी काढून निघाला. जाताना वाकून पाया पडला नाही. नेहमी पडायचा. त्या रात्री पोरीनं मला ताट वाढलं, पण जेवा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. जावई एकटाच. अंगणात गाडी लावून तो बाजूला उभा राहिला, माझ्याकडं न पाहता. आत गाठोडी बांधलेली, पोर झबलं-टोपडं घालून तयार, पण पोरगी उंबऱ्याच्या आत बसलेली. माझ्या शब्दाची वाट पाहत.

मी जीपच्या मागच्या डाव्या चाकाशी बसलो आणि हात धरला.

"झालं," बायको म्हणाली. "सुरू झालं तुमचं."

"जावईबुवा, कोन्या रस्त्यानं आले?"

त्यानं दात आवळले. "आर्वीच्या. नाचनगावहून दुसरा रस्ता नाई."

"माहीत हाय. सपाट रस्ता. मंग हा ड्रम तापला काऊन?"

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं आपला हात ड्रमजवळ नेला. झटकन मागं घेतला. "हाव, मामाजी. तापला."

"इथं तुमची हवा नाई, हे जुनं यंत्र हाय. लायनर चिकटून राह्यलं. या चाकावर लेकरू नेत होते तुमी."

जॅक लावला. चाक काढलं, ड्रम ओढला. शू मागं ओढणारी स्प्रिंग तुटून लोंबत होती. माझ्या डब्यात तसली होती, ती बसवली. काजळी पुसली, लायनर कानशीनं घासलं, ड्रम चढवला. जावई पान्हे हातात देत होता, न मागता, बरोबर नंबरचे. मग मी स्वतः जीप चालवत चौकापर्यंत नेली, परत आणली आणि पुन्हा चाकाशी बसलो.

"कसा हाय?" पोरीनं दारातून विचारलं.

"थंड," मी म्हटलं. हात धोतराला पुसले, जाऊन जीपचं दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. "बस, माय. घरी जा आपल्या."